आमच्या शेतातला गडी

येळवशीला, म्हणजे वेळा अमावस्येला, आमच्या जिल्ह्यात गावात कुत्रंसुद्धा सापडत नाही. दुकानं बंद, गल्ल्या रिकाम्या, सगळा गाव शेतात. कडब्याची खोप करायची, खोपीत पाच पांडव म्हणून चुना लावलेले पाच दगड मांडायचे, त्यांची पूजा करायची, आणि मग मातीचं गडगं भरून आंबील, भज्जी, बाजरीचे उंडे, खीर, असं पोट फुटेपर्यंत खायचं. वाटेनं कुणी अनोळखी चालला असला तरी त्याला हाताला धरून पंगतीला बसवायचं. सोलापूर ओलांडलं की हा सण कुणाला माहीत नसतो. पुण्यात ऑफिसात एकदा सांगायला गेलो तर एक जण म्हणाला, "अमावस्येला सण? भुताखेतांचा का?" सगळे हसले. मीही हसलो, सगळ्यांपेक्षा जरा जास्तच. तेव्हापासून मी ऑफिसात येळवशीचं नाव काढलं नाही.

आता मी काम त्याच ऑफिसचं करतो, पण तामलवाडीहून. सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांच्या तक्रारी येतात, त्या निस्तरायच्या, एवढंच काम. त्यासाठी माझ्याकडे लॅपटॉप, मोबाइल आणि एक टॅबलेट आहे, आणि तिन्हींवर खातं एकच. लॅपटॉपवर उत्तर लिहिता लिहिता लाईट गेली की तेच वाक्य, जिथं सोडलं तिथून, मोबाइलवर पुढं. मोबाइलची बॅटरी उतरली की ओट्यावर बसून टॅबलेटवर पुढं. मोबाइलवर कॉपी केलेला मजकूर लॅपटॉपवर उमटवून दाखवला तेव्हा आई म्हणाली, "भुताटकी हाय ही." अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तिन्ही यंत्रांकडं आळीपाळीनं बघितलं आणि म्हणाले, "म्हंजी एकाच बैलाला तीन दावी म्हण की!"

मला या सगळ्याचा लई गर्व होता. गावात चार जणांना बोलावून दाखवायचो.

गावी आलो ते अण्णांसाठी. त्यांच्यावरून वारं गेलं होतं. उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. सोलापूरच्या दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा त्यांना कूस बदलून द्यावी लागायची. मी भरवायचो, उचलून बसवायचो, धोतर बदलायचो. त्या वर्षीची येळवस आमच्या शेतात झालीच नाही. म्हणजे चुलते येऊन पाच दगडांवर आंबील शिंपडून गेले, पण हाळी दिली नाही. आमच्या शेतात हाळी अण्णांचीच. "ओलगे ओलगे सालम पोलगे!" म्हणत ते शेताला फेरी मारायचे तेव्हा चार शेतं पलीकडचा माणूस म्हणायचा, उरका रे, निघाला म्हातारा.

ऑफिसातल्या आमच्या मॅडम माणूस म्हणून भल्या. मी सगळं सांगितल्यावर त्यांनी घरून काम करायची परवानगी काढून दिली. पण ती थोड्या थोड्या महिन्यांची. मुदत संपत आली की वरचे लोक विचारायचे, आता काय परिस्थिती? आणि मॅडम मला विचारायच्या, वडील कसे आहेत?

आणि अण्णा तर बरे होत चालले होते! त्यांची वाचा परत आली ती शिवी होऊन. दारातल्या ज्वारीत डुक्कर शिरलं होतं, बाजेवर पडल्या पडल्या त्यांनी त्याच्या आईचा उद्धार केला, अगदी शब्द न् शब्द स्वच्छ. आई आधी दचकली, मग पदर तोंडाला लावून रडत सुटली. पुढं काठी घेऊन चालायला लागले, माणसांशी भांडायला लागले. उजव्या हाताची मूठ मात्र वळत नव्हती. मोटार चालू करता येत नव्हती, गोळ्यांची आठवण राहत नव्हती, मधेच तोल जायचा. मी गेलो असतो तर आईच्यानं एकटीनं निभलं नसतं, हे खरंच होतं. पण एवढं खरं ऑफिसला पुरलं नसतं. चालणाऱ्या-बोलणाऱ्या बापासाठी कोणतं ऑफिस माणसाला घरी राहू देतं? म्हणून मी म्हणत राहिलो, "आहेत तसेच आहेत, मॅडम."

आणि दार लावून घेत राहिलो. मीटिंग सुरू झाली की खोलीचं दार बंद. अण्णांचा आवाज आत येऊ नये म्हणून. एकदा ते दाराशीच उभे होते, म्हणाले, "लाव बाबा, लाव. आमचं गावठी वारं लागाया नगं तुज्या डबड्याला." मी हसून दार लावलं.

यंदाच्या येळवशीला अण्णांनी महिनाभर आधीच जाहीर केलं होतं, हाळी मी देणार. भावकीत निरोप गेले. आत्या गावाहून आली. आणि नेमकी त्याच दिवशी, दुपारच्या आत, ऑफिसनं मीटिंग ठेवली. घरून काम करणाऱ्या प्रत्येकानं आपलं काम दाखवायचं आणि मग ठरणार, कुणी गावी राहायचं, कुणी पुण्याला परत यायचं. रजा मागावी तर कशासाठी म्हणून सांगू? मी म्हटलं, आपल्याकडं तीन यंत्रं आहेत ती काय पूजेला?

सकाळी घरात लॅपटॉपवर मीटिंगला बसलो. आई डोक्यावर आंबिलीचं गडगं घेऊन निघाली तशी मीटिंग मोबाइलवर घेतली आणि कानात ते बिनतारी बोळे घालून तिच्या मागं चाललो. पायवाट, ओढा, बांध, सगळं ओलांडलं, पण मीटिंग तुटली नाही. खोपीत पोचल्यावर टॅबलेट काढला, एक बटण दाबलं, मीटिंग टॅबलेटवर. दुसऱ्या गावांहून जोडलेली माणसं आपापलं काम दाखवत होती आणि मी कडब्याला टेकून ऐकत होतो. माणसांच्या कालव्यात ऐकू यावं म्हणून आवाज पुरता मोठा केला होता. माझ्यासारखा हुशार पंचक्रोशीत नाही, असं मला मनापासून वाटत होतं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात ते काय खोटं नाही.

माझी पाळी जवळ आली तशी खोपीत गर्दी वाढली. पोरं, बायका, भांडी. मी टॅबलेटचा माइक बंद केला, तो तसाच पांडवांशेजारी उभा ठेवला आणि मोबाइल घेऊन विहिरीकडं गेलो. मोबाइलनं विचारलं, मीटिंग इकडं हलवायची का इथूनही जोडायचं? घाईत मी काय दाबलं ते मला आजही आठवत नाही. मीटिंग सुरू झाली, माझं तेवढ्यावर भागलं. टॅबलेट मागं तसाच मीटिंगमध्ये राहिला होता.

पुढचं मला आईनं नंतर सांगितलं. पांडवांची पूजा करता करता तिचं लक्ष टॅबलेटकडं गेलं. पोराचं पोट ज्याच्यावर चालतंय त्याला बिनपूजेचं कसं ठेवायचं? तिनं हळद-कुंकवाचं बोट त्याच्यावर टेकवलं. ते नेमकं खालच्या बटणावर टेकलं आणि माइक चालू झाला.

विहिरीपाशी मी माझं काम दाखवत होतो. चांगलं चाललं होतं. पुण्याची भाषा मी कमावलेली आहे, 'कुठं'चं 'कुठे' आणि 'लई'चं 'खूप' करायला मला आता विचार करावा लागत नाही. मॅडम अधूनमधून 'छान' म्हणत होत्या. तेवढ्यात हाळी आली.

"ओलगे ओलगे सालम पोलगे!"

आधी शेतावरून आली आणि मग क्षणभरानं माझ्या कानातल्या बोळ्यांतून आली. गेल्या येळवशीला मुका पडून असलेल्या माणसाचा आवाज होता तो. पहिला शब्द जरा घसरला, दुसरा सावरला आणि तिसऱ्याला तर ज्वारीतली पाखरं उडाली. खोपीत बायका रडत-हसत होत्या, तेही मला ऐकू येत होतं. माझ्या अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू. पण तो आनंदाचा होता का भीतीचा, ते बघायला मला सवड मिळाली नाही.

"थांब, थांब," मॅडम म्हणाल्या. "हे कोण ओरडतंय?"

मी म्हणालो, "सॉरी मॅडम, आमचा शेतातला गडी आहे. अडाणी आहे, मीटिंग चालू आहे हे त्याला कळत नाही. थांबा, मी त्याला गप्प करतो."

त्याला. अण्णांना मी जन्मात कधी अरे-तुरे केलं नव्हतं, आमच्या घरात तशी रीतच नाही. आणि इथं चारचौघांत एकेरीवर आलो, तेही इतक्या सहज की बोलताना जीभ अडखळलीसुद्धा नाही. नोकरीच्या भीतीनं बोललो असं मी स्वतःला पुष्कळ वेळा समजावलं. ते अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं असं की तो आवाज पुण्यातल्या माणसांनी ऐकला याची मला लाज वाटली होती.

"अरे, गप्प कशाला करतोस? केवढा खणखणीत आवाज आहे!" मॅडम म्हणाल्या. "आणि तू शेतात, मग वडिलांजवळ कोण आहे? कसे आहेत ते?"

"आई आहे घरी. वडील झोपूनच असतात मॅडम. वाचा अजून आलेली नाही."

हे बोलून झालं आणि माझंच वाक्य खोपीकडून माझ्याकडं आलं. मोठ्या आवाजात, माझ्या त्या कमावलेल्या भाषेत. 'वाचा अजून आलेली नाही.' तेव्हा मला उमगलं की टॅबलेट चालू आहे. खोपीतला कालवा एकदम थांबला होता. धरणीनं पोटात घ्यावं म्हणतात, मला तर शेजारी विहीरच होती.

"तुझं नाव इथं दोनदा दिसतंय," मॅडम म्हणाल्या. "दुसरीकडून येतोय तो आवाज. काका, अहो काका, ऐकू येतंय का?"

मोबाइलच्या पडद्यावर माझ्या नावाचा दुसरा चौकोन उघडला होता. त्यात कडब्याचं छत होतं. मग त्यात अण्णांचा फेटा आला आणि अण्णांचं तोंड आलं, कपाळावर कुंकू, भुवईवर आंबिलीचा शिंतोडा. ते वाकून टॅबलेटकडं बघत होते. एक शब्द ते बोलले असते की मी याचा बाप आहे, तर माझा तिथंच निकाल लागला असता. आणि तो हक्क त्यांचा होता.

"बोला बाईसाहेब," अण्णा म्हणाले.

"काका, तुम्ही आत्ता काय म्हणत होतात?"

"ते व्हय? येळवस हाय आज. काळ्या आईला आंबील शिपडताना म्हणायचं असतंय. कानडी हाय म्हणत्यात, अर्थ काय म्हायती न्हाय. आमचं आजं-पणजं म्हणत आलं, आमी म्हणतो." मग थोडं थांबून म्हणाले, "अडाणी माणूस हाय म्या. मीटिंग चालू हाय ते कळलं न्हाय. माफी असावी."

"अहो, माफी कसली! मला फार आवडलं. तुमचे मालक कसे आहेत हो?"

"थोरले मालक व्हय?" अण्णांचा आवाज खाली गेला. "पडून असत्यात. बोलाया येत न्हाय. धाकले मालक लई करत्यात त्येंचं. घास भरवत्यात, उचलून बसवत्यात, धोतारसुदिक त्येच बदलत्यात. असं पोरगं कुणाला मिळत न्हाय बाईसाहेब. त्येन्ला हितंच ऱ्हाऊ द्या. त्ये गेले तर म्हातारं जगायचं न्हाय."

वरचे एक साहेब होते मीटिंगमध्ये, त्यांनी घसा खाकरला. आणि मी? मी विहिरीच्या कठड्याला धरून उभा होतो. 'मॅडम, हे माझे वडील आहेत' एवढं वाक्य म्हणायला किती वेळ लागतो? ते तोंडापर्यंत आलं होतं. पण अण्णांनी माझं खोटं इतकं नीट पाठीशी घातलं होतं की आता खरं बोललो तर त्यांनाच खोटं पाडल्यासारखं होईल, असं मी मनाला सांगितलं. मनाला काय, जे सांगावं ते पटतं.

परवानगी मिळाली. या वेळी मुदत न घालता मिळाली.

मी खोपीकडं आलो तेव्हा कुणी माझ्याकडं बघितलं नाही. चुलत्यांनी तोंड फिरवून तंबाखू मळायला घेतली. आत्या पोरांना उगाचच जेवा म्हणून रागावत होती. आई टॅबलेटवरचं कुंकू पदरानं पुसत होती. मान वर न करता ती एवढंच म्हणाली, "जीभ कशी झडली न्हाय रं तुजी?"

अण्णा डाव्या हातात आंबिलीचा तांब्या घेऊन शेताला फेरी मारत होते. मी मागं धावलो. ते शिंपडत होते, चालत होते, पण हाळी देत नव्हते. चारी बाजूंच्या शेतांतून हाळ्या येत होत्या, आमचंच शेत तेवढं गप्प होतं. अर्ध्या बांधावर मी त्यांचा हात धरला.

"अण्णा, मी काय बोललो ते…"

"नोकरी ऱ्हायली न्हवं तुजी?"

"राहिली."

"मग झालं की." त्यांनी हात सोडवून घेतला, रागानं नाही, तोल सांभाळायला सोडवावा तसा. "सरक, भज्जी निवती."

"तुम्ही हाळी द्या ना, अण्णा."

"दिली की मगा एक. तेवढीच बास झाली."

पंगतीत आईनं मला वाढलं, मी खाल्लं. वाढलेला प्रत्येक उंडा खाल्ला, कारण येळवशीला पानावरून उठायचं नसतं. अण्णा दुसऱ्या टोकाला बसले होते आणि चुलत्यांशी हरभऱ्याच्या घाट्यांबद्दल बोलत होते. मला वाटत होतं त्यांनी उठून माझ्या मुस्काटात द्यावी. तशी त्यांची जुनी सवय होती, आणि डावा हात चांगला चालत होता. पण ते हरभऱ्याबद्दलच बोलत राहिले.

त्या दिवसापासून मी मॅडमना खरं लिहायला घेतलं आहे. लॅपटॉपवर सुरुवात केली, 'मॅडम, त्या दिवशी तुम्ही ज्यांच्याशी बोललात ते'. तिथं थांबलो. शेतात मोबाइल उघडला तर तेच वाक्य तिथं थांबलेलं. ओट्यावर टॅबलेट उघडला तर तिथंही तेच, आणि पुढं लुकलुकणारी ती उभी रेघ. माझ्या गर्वाची भुताटकी आता मलाच छळते. कुठंही जा, जिथं सोडलं तिथूनच पुढं लिहायचं असतं, आणि मला पुढं लिहिता येत नाही.

परवा मॅडमचाच निरोप आला. त्या सासूबाईंना घेऊन तुळजापूरला देवीच्या दर्शनाला येताहेत. जाता जाता तामलवाडीला येतील, माझ्या वडिलांना भेटतील, त्यांच्यासाठी फळं आणतील. आणि जमलं तर त्या काकांची हाळीही ऐकतील. येऊ नका म्हणून कळवायला मला एकही कारण सुचेना.

अण्णा ओट्यावर डाव्या हातानं तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. मी त्यांना निरोप वाचून दाखवला. वाटलं, आता तरी चिडतील, काठी उगारतील, म्हणतील सांग त्या बाईला खरं काय ते. मी तर म्हणालोसुद्धा, "अण्णा, मी सांगून टाकतो त्यांना."

त्यांनी हातातली शेंग सोलून संपवली, दाणे सुपात टाकले.

"येऊ दे की," ते म्हणाले. "गडी म्हणून म्या उभा ऱ्हातो. बाप म्हणून कुणाला निजवायचं, त्ये तेवढं तू बघ."